स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा का कर्नलचा ठरलेला रस्ता धरायचा? वेबकॅम लगेच चालतो अन् अंगठ्याचं मशीन रडवतं, ते का

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून तालुक्याच्या सेवा केंद्रांवर, झेरॉक्सच्या दुकानांत एकच विषय निघायलाय, जुना कॉम्प्युटर ठेवायचा का काढायचा, विंडोज अकरा टाकायचं का सरळ लिनक्सवर, म्हणजे दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर, जायचं. आणि बदल केला की एक गोष्ट सगळ्यांनाच दिसते. साधा स्वस्तातला वेबकॅम यूएसबीत खुपसला की चालू, काही इन्स्टॉल करायचं नाही, विंडोज असो नाहीतर लिनक्स. पण त्याच टेबलावरचं अंगठ्याचं मशीन, त्याच्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर शोधा, आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा पुढं पाठवणारा कंपनीचा प्रोग्राम) टाका, व्हर्जन जुळलं नाही तर काढा, परत टाका, तोवर पीक विम्याची रांग दाराबाहेर गेलेली असते.

लोक म्हणतात मशीनच भंगार आहे. तसं नसतंय. वेबकॅम बनवणाऱ्यानं ठरलेल्या रस्त्यानं जायचं ठरवलं आणि मशीनवाल्यानं स्वतःची पाऊलवाट काढली, एवढाच फरक, आणि त्यातल्या पाऊलवाटेला कधीकधी खरंच कारण असतं, कधी नुसता आळस असतो. आज तेच जरा फोडून बघू. इंजिनिअरिंगच्या पोरांना उपयोगी पडेल, आणि ज्याला फक्त मशीन विकत घ्यायचंय त्यालाही.

आधी तीन शब्द

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग. मेमरी, प्रोसेसर, यूएसबी, सगळ्याची चावी त्याच्याकडं, बाकीचे प्रोग्राम त्याला विचारून चालतात. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्राशी कसं बोलायचं ते माहीत असलेला कोड, आणि हा बहुतेक वेळा कर्नलच्या आत बसून चालतो. इंटरफेस म्हणजे त्या यंत्राकडून काम करून घ्यायची ठरवून दिलेली पद्धत, कोणतं नाव वापरायचं, आकडा कोणत्या एककात येणार, चूक झाली तर काय कळणार. बास, एवढ्यावर पूर्ण लेख निघतो.

आता आपल्या शेतातलं उदाहरण. ट्रॅक्टरच्या मागं थ्री पॉइंटची लिफ्ट असते, दोन खालचे हात, वर टॉप लिंक, आणि मधी पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे मारणारा. ट्रॅक्टर लाल असो, निळा असो का हिरवा, पल्टी नांगर, मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, पिना घातल्या की जुंपलं. रोटाव्हेटरच्या पोटात गिअरबॉक्स कुणाचा, पाती किती, चेन का गिअर ड्राइव्ह, ते ज्याच्या त्याच्या कंपनीचं. पण जोडायची जागा सगळ्यांची एकच. उद्या एखाद्या कंपनीनं सहा पिनांचा स्वतःचाच हिच काढला तर तो कदाचित जास्त मजबूतही असेल, पण शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणून तुमचं औजार ओढता येणार नाही आणि कंपनी बंद पडली तर पिना मिळणार नाहीत.

कर्नलमधी अशा जोडायच्या जागा आधीच बनवून ठेवल्यात. त्यांना सबसिस्टीम म्हणतात. वेबकॅमसाठी आहे, साउंडसाठी आहे, कीबोर्ड-माउससाठी आहे, एलईडीसाठी आहे, तापमान-आर्द्रता-व्होल्टेज मोजणाऱ्या सेन्सरसाठी आहे, घड्याळाच्या चिपसाठी आहे, आणि मशीन हँग झालं तर स्वतःहून रीस्टार्ट मारणाऱ्या वॉचडॉगसाठीसुद्धा आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं आपल्या चिपचं पोट स्वतः सांभाळायचं आणि तोंड या ठरलेल्या जागेला जोडायचं.

वेबकॅमचं नेमकं असंच झालं. यूएसबी व्हिडिओ क्लास नावाचा मानक २००३ मधी ठरला, लिनक्समधी त्याचा एकच ड्रायव्हर २.६.२६ या आवृत्तीत, म्हणजे २००८ ला आला, आणि तेव्हापासून मानक पाळणारा कोणताही कॅमेरा त्या एका ड्रायव्हरवर चालतो. कॅमेरा कंपनीला लिनक्ससाठी एक ओळ लिहावी लागत नाही.

रेशमाच्या शेडमधली भानगड

हे जवळून बघायला एक खरंखुरं काम घेऊ. आपल्याकडं जालना, बीड, धाराशिवकडं रेशीम शेती चांगली वाढलीय. किड्यांच्या शेडमधी तापमान साधारण २४ ते २८ अंश आणि आर्द्रता ७० ते ८५ टक्के ठेवावी लागते, आणि आपला एप्रिल-मे म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेर ४२. अंबड तालुक्यातलं ओळखीचं एक पोरगं, डिप्लोमा झालेलं, त्यानं शेडमधी रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, बसवला, त्याला तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ हा सेन्सर जोडला, गरम झालं की रिलेवरून, म्हणजे विजेनं चालणाऱ्या बटणावरून, पाण्याचा बारीक फवारा मारणारा फॉगर चालू. कल्पना झकास.

हा सेन्सर एकाच वायरीवर बोलतो. एकदा विचारलं की ४० बिट, म्हणजे शून्य-एकचे ४० आकडे, पाठवतो, आणि बिट शून्य आहे का एक हे कसं कळतं, तर वायर वरच्या पातळीला किती वेळ राहिली त्यावरून, २६ ते २८ मायक्रोसेकंद राहिली तर शून्य, ७० राहिली तर एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आता पोरानं पायथन या भाषेत लूप, म्हणजे तेच काम परत परत करणारा कोड, लिहिला, वायर बघत बसायची आणि वेळ मोजायची. पण लिनक्सवर एकटा तोच प्रोग्राम थोडाच चालू असतो, मधीच वायफायचं काम आलं, मेमरी कार्डाचं आलं, की कर्नल या प्रोग्रामला बाजूला बसवतो आणि दुसऱ्याला वेळ देतो, तेवढ्यात दोन-चार बिट निघून गेलेले असतात. शेवटच्या आठ बिटांत बेरजेची पडताळणी असते ती जुळत नाही, रीडिंग फुकट.

मग सुरू झाली मलमपट्टी. आधी रीडिंग चुकलं तर परत विचारायचा कोड. मग विचित्र आकडा आला तर टाकून द्यायचा कोड. मग पायथन हळू पडतंय म्हणून सी मधला छोटा प्रोग्राम, जो प्रोसेसरच्या मेमरीत घुसून पिनचं (बोर्डावरचं वायर जोडायचं टोक) रजिस्टर, म्हणजे चिपमधला ज्यात लिहिलं की पिन चालू-बंद होते तो कप्पा, थेट वाचायचा. हे पळायला लागलं, पण त्या कप्प्याचा पत्ता रास्पबेरी पाय ३ वर एक आणि पाय ४ वर दुसरा, म्हणून तिथं एक इफ-एल्स, म्हणजे अमुक असेल तर हे नाहीतर ते असा कोड, आलं. आणि पाय ५, जो २०२३ च्या ऑक्टोबरात आला, त्यात पिना मुख्य प्रोसेसरवर राहिल्याच नाहीत, आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्या. तिथं सगळंच आडवं झालं. यात त्या पोराचा एकट्याचा दोष नाही बरं का, हजारो प्रोजेक्टांत वापरली जाणारी पिना हाताळायची पायथनची जुनी जीपीआयओ लायब्ररीसुद्धा असंच थेट रजिस्टर वाचायची, ती पाय ५ वर चालेनाच.

आता दुसरा रस्ता. कर्नलमधी या सेन्सरचा ड्रायव्हर आधीपासून आहे. पायच्या कॉन्फिग फाइलमधी एक ओळ टाकायची, ओव्हरलेचं, म्हणजे कोणतं यंत्र कुठं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या तुकड्याचं, नाव डीएचटी११ (सेन्सर २२ असला तरी हेच नाव, इथं लई जण गोंधळतात) आणि पिनचा नंबर. रीस्टार्ट. आता एका फोल्डरमधी दोन फाइल दिसतात, एक तापमानाची, एक आर्द्रतेची. तापमानाची फाइल उघडली की आत २७४०० असा आकडा. म्हणजे २७.४ अंश, कारण इथं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात द्यायचं हे ठरलेलं आहे. आर्द्रतेत ७८१०० म्हणजे ७८.१ टक्के. पायथनमधी फाइल वाचायची, हजारानं भागायचं, संपलं.

आत ड्रायव्हर काय करतो तेही बघण्यासारखं आहे. तो वायर बघत बसत नाही. वायरीची पातळी बदलली की इंटरप्ट येतो, म्हणजे हार्डवेअरच प्रोसेसरला टपली मारतं, आणि ड्रायव्हर तेवढ्यात वेळ टिपून ठेवतो, सगळे बिट आले की मग निवांत हिशेब. आणि दोन सेकंदांच्या आत परत विचारलं तर सेन्सरला त्रास न देता आधीचंच रीडिंग देतो, कारण सेन्सरला तेवढी उसंत लागते. हे सगळं त्या पोराला स्वतः शोधून काढावं लागलं असतं.

खरं सांगायचं तर हा ड्रायव्हरही कधीमधी एरर देतो, सेन्सरच तसला आहे. पण चुकीचा आकडा गुपचूप देण्यापेक्षा एरर दिलेली बरी. आणि शेवटी त्यानं तो सेन्सर काढून बीएमई२८० हा दुसरा सेन्सर लावला, जो पूर्ण वेगळ्या पद्धतीनं बोलतो, तरी त्या दोन फाइलींची नावं तीच, एकक तेच. वरच्या प्रोग्रामला औजार बदलल्याचं कळलंसुद्धा नाही, पिना त्याच.

मग लोक स्वतःचा कोड लिहितात तरी का?

कारण सुरुवातीला तो सोपा वाटतो, आणि खरंच सोपा असतोही. सबसिस्टीम शिकायला वेळ लागतो, कागदपत्रं रुक्ष असतात, आणि प्रोजेक्टचा डेमो सोमवारी असतो. एक कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे आपल्या यंत्राच्या नावाची एक फाइल, बनवला, त्यात आपल्या मनानं दहा कमांड टाकल्या, पहिली कमांड मोटर चालू, दुसरी कमांड मोटर बंद, दोन दिवसांत काम फत्ते. कंपन्यांचं कारण वेगळं. त्यांना एकच कोड विंडोजवर, लिनक्सवर, आणि छोट्या बोर्डांवर चालवायचा असतो, म्हणून ते मधी स्वतःचा एक थर टाकतात आणि तिन्हीकडं तोच थर घेऊन जातात. कंपनीच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, एका जागी दुरुस्ती केली की तिन्हीकडं दुरुस्त.

पण कर्नलवाल्यांना हा थर चालत नाही, आणि ते तोंडावर सांगतात. २०१६ मधी एएमडी कंपनीनं ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेचा असाच भलामोठा कोड पाठवला, आत स्वतःचा थर होता. नकार मिळाला. कारण असं दिलं की हा थर फक्त तुम्हालाच समजणार, उद्या आम्ही आतलं काही बदललं तर तुमच्या कोडला हात कोण लावणार. कंपनीनं मग तो कोड निस्तरला, थर बराच पातळ केला आणि २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ आवृत्तीत तो आत घेतला गेला. माझ्या मते तो नकार बरोबर होता. आज ते कार्ड लिनक्सवर घालून वेगळा ड्रायव्हर न टाकता चित्र येतं त्यामागं ती सक्ती आहे.

बिल नंतर येतं

इथं एक गोष्ट समजून घ्या, बऱ्याच जणांना ती उलटी वाटते. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द फार कडक पाळतो. जी फाइल आज २७४०० दाखवते ती पाच वर्षांनीही तशीच दाखवणार, नाव बदलून एखाद्याचा प्रोग्राम मोडला तर कर्नलचा मूळ कर्ता लिनस टोरवाल्ड्स स्वतः भडकतो. पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांबद्दल असला कोणताही शब्द नाही. ती कधीही बदलतात, आणि हे कर्नलच्या कागदपत्रांत उघड लिहिलेलं आहे. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते.

मग कर्नलमधी असलेल्या ड्रायव्हरांचं काय होतं? जो माणूस आतलं फंक्शन बदलतो त्यानंच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे असा रिवाज आहे. सगळ्या कोडच्या ओळी आता ४ कोटींच्या घरात आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ड्रायव्हरच आहेत, तरी हे चालतं. पण तुमचा ड्रायव्हर बाहेर, तुमच्या पेनड्राइव्हमधी असेल, तर त्याला कोण दुरुस्त करणार? तुम्हीच.

एक छोटं उदाहरण. डिव्हाइसला सिस्टीममधी दाखवण्यासाठी क्लास बनवायचं एक फंक्शन आहे, क्लास-क्रिएट. वर्षानुवर्षं त्याला दोन गोष्टी द्याव्या लागायच्या, ६.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या जूनपासून, एकच. बदल एवढाच, पण जगभरातले बाहेरचे कितीतरी ड्रायव्हर त्या दिवसापासून कंपाइल होईनात, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रामच बनेना. कॉलेजात अजूनही जुन्या नोट्समधला ड्रायव्हर टाइप करून पोरं बसतात आणि आर्ग्युमेंट जास्त झाले असा एरर बघून डोकं धरतात, तो हाच.

आणि मोबाइल. फोन घेऊन दोन-तीन वर्षं झाली की बऱ्याच फोनांवर अँड्रॉइडचं नवं व्हर्जन येत नाही, हे सगळ्यांनी भोगलंय. त्याची कारणं बरीच आहेत, पण एक मोठं कारण हेच की चिपवाल्या कंपनीनं कर्नलची एक जुनी आवृत्ती धरून त्यात स्वतःचा ढीगभर कोड कोंबलेला असतो, आणि तो पुढच्या आवृत्तीवर न्यायचा खर्च जुन्या फोनसाठी कुणी करत नाही. गूगलनं मग अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलपासून नव्या फोनांना सांगितलं की कर्नल सगळ्यांचा एकच राहील, तुमचा खास कोड वेगळ्या मॉड्यूलमधी, म्हणजे बाहेरून जोडायच्या तुकड्यात, ठेवा आणि ठरलेल्या जागेतूनच जोडा. बघा, फिरून तिथंच आले.

सगळ्यात वाईट बिल मात्र सुरक्षेचं. कर्नलच्या आतल्या कोडनं चूक केली तर तो एकटा बंद पडत नाही, पूर्ण मशीन घेऊन बसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर गेले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. तो कोड कर्नलमधी बसून नको त्या जागची मेमरी वाचायला गेला, एवढंच कारण. जगातली मोठी सुरक्षा कंपनी तिथं चुकू शकते, तर डेमोसाठी दोन दिवसांत लिहिलेल्या कोडचं काय.

"पण आमच्या मशीनचं खास फीचर त्यात बसत नाही"

हा आक्षेप खरा असू शकतो. प्रत्येक चिपमधी काहीतरी वेगळं असतंच, सेन्सरमधला हीटर, कॅमेऱ्याचा एखादा मोड. पण त्यासाठी सगळंच वेगळं करायची गरज नसते. नव्वद टक्के काम ठरलेल्या जागेतून करायचं आणि उरलेल्या खास गोष्टीसाठी एक जादा फाइल किंवा एक जादा कंट्रोल द्यायचा, त्याची कागदपत्रांत नोंद करायची. कॅमेऱ्याच्या मानकात तर कंपनीच्या खास गोष्टींसाठी वेगळी जागाच ठेवलेली आहे. रोटाव्हेटरला एक जादा लिव्हर दिला तर कुणी नको म्हणत नाही, पण म्हणून पिना बदलायच्या नसतात.

उलट बाजूही सांगतो. कधीकधी मानकच अर्धवट असतं. तापमानाचंच घ्या, कर्नलमधी त्याची दोन घरं आहेत, कॉम्प्युटरची तब्येत बघणारे सेन्सर एका सबसिस्टीममधी आणि बाकी मोजमापाचे दुसऱ्या. एसएचटी३१ हा सेन्सर घेतला तर तो पहिल्या घरात, बीएमई२८० दुसऱ्या घरात, आणि फाइलींची नावं वेगळी. एकक तरी दोन्हीकडं तेच, नशीब. हे का असं, तर इतिहास, दुसरं काही नाही.

"स्टँडर्ड रस्ता हळू असतो"

सेकंदाला एकदा तापमान वाचायचं असेल तर हा प्रश्न विचारूच नका. फाइल उघडून वाचायला जो वेळ लागतो तो इथं किस झाड की पत्ती.

पण सेकंदाला हजारो रीडिंग पाहिजेत, म्हणजे वाळूजच्या एखाद्या कारखान्यात मशीनच्या बेअरिंगचं कंपन मोजायचंय, तर एक-एक फाइल वाचून भागत नाही हे खरं. त्यासाठी त्याच सबसिस्टीममधी बफरची सोय आहे, रीडिंग आत साठत राहतात आणि प्रोग्राम गठ्ठ्यानं उचलतो. बरेच जण फाइलवाला रस्ता वापरून बघतात, हळू आहे म्हणतात, आणि बफर न बघताच स्वतःचं लिहायला बसतात.

पिन भराभर चालू-बंद करायची असेल तर थेट रजिस्टर लिहिणं कर्नलला विचारण्यापेक्षा जलद, यात वाद नाही. पण बहुतेक वेळा तिथं पिन हलवायचीच चूक असते, ठरावीक लयीत पल्स पाहिजे तर चिपमधी पीडब्ल्यूएम नावाचं हार्डवेअर त्याच कामासाठी बसलेलं असतं, एकदा सांगितलं की ते आपलं आपलं चालतं. वेळेचा काटेकोरपणा पाहिजे असेल तर २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून रिअल-टाइमची सोय मुख्य कर्नलमधीच आली, आधी ती बाहेरून पॅच मारून घ्यावी लागायची.

एवढं करूनही भागत नसेल, तर मग लिहा स्वतःचा. नेटवर्कच्या फार मोठ्या वेगासाठी लोक कर्नलला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतातच. पण तेही करायचा ठरलेला रस्ता आहे, यूआयओ आणि व्हीएफआयओ, ज्यात तुमचा कोड कर्नलच्या बाहेर राहतो आणि मेला तर एकटा मरतो.

"स्टँडर्डसुद्धा बदलतं की, मग फायदा काय?"

बदलतं. पिना हाताळायची जुनी फाइल-पद्धत २०१६ मधी, ४.८ आवृत्तीत, मोडीत काढायची म्हणून जाहीर झाली आणि तिच्या जागी नवी पद्धत आली. पण जाहीर केल्यानंतरही ती कितीतरी वर्षं चालतच राहिली. ज्या स्क्रिप्टा, म्हणजे छोटे प्रोग्राम, खरोखर मोडल्या त्या बघा कसल्या होत्या. पिन १७ म्हणजे नंबर १७ असं गृहीत धरून लिहिलेल्या स्क्रिप्टा ६.६ कर्नल आल्यावर रास्पबेरी पायवर अडकल्या, कारण तिथं नंबर ५१२ पासून सुरू व्हायला लागले. हा नंबर कायम राहील असं कुणी कधी म्हणलंच नव्हतं. नव्या पद्धतीत चिपचं नाव आणि तिच्यातली ओळ सांगायची असते, तसं लिहिलेल्या स्क्रिप्टांना धक्का लागला नाही.

"आमचं तंत्र गुपित ठेवायचंय"

कंपनीला हे वाटणं साहजिक आहे. कर्नल ज्या परवान्याखाली आहे त्यात आत घ्यायचा कोड उघड करावा लागतो. पण गुपित चिपच्या पोटात ठेवता येतं, चिपमधल्या फर्मवेअरमधी, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्राममधी, ठेवता येतं, जोडायच्या जागेत गुपित कशाला. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं बरीच वर्षं लिनक्सवर स्वतःचा वेगळा रस्ता चालवला, स्क्रीनवर चित्र देण्यासाठी बाकी सगळे एक पद्धत वापरत होते तर यांची दुसरीच. प्रत्येक डेस्कटॉप बनवणाऱ्याला यांच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागायचा आणि काहींनी साफ नकार दिला. शेवटी २०२१ मधी ४९५ नंबरच्या ड्रायव्हरपासून त्यांनी बाकीच्यांची पद्धत घेतली, आणि २०२२ च्या मे महिन्यात कर्नलमधला भाग उघडही केला. एवढ्या ताकदीच्या कंपनीला शेवटी सगळ्यांच्या पंगतीत बसावं लागलं तर आपण कोण.

अंगठ्याच्या मशीनचं गुपित मात्र वेगळ्या जातीचं आहे आणि तिथं मी कंपनीच्या बाजूनं बोलेन. आधारसाठी वापरायच्या मशीनमधून अंगठ्याचं चित्र जर वेबकॅमसारखं कुणालाही उघडं मिळायला लागलं तर कोणीही ते साठवून पुढं वापरील. म्हणून ते नोंदणी झालेलं यंत्र लागतं, चित्राला कुलूप लावूनच ते पुढं जातं, आणि नव्या एल१ प्रकारात तर हे कुलूप मशीनच्या आतच लागतं. म्हणजे इथं स्वतःचा कोड पाहिजेच. पण कुलपाच्या कोडची गरज म्हणून यूएसबीत नुसतं ओळखू यायलाही दोन-दोन पॅकेज, ब्राउझर बंद करा, अमुक पोर्ट मोकळं करा, हे सगळं कशासाठी? ते आळसाचं आहे, सुरक्षेचं नाही.

वजनकाट्याला हे लागू होत नाही का?

हा प्रश्न आडतवाल्यांकडून येतो, आणि चांगला आहे, कारण इथं ठरलेला रस्ता अर्ध्यातच संपतो. भुसार मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडला की मधी काट्याची अक्षरं यूएसबीतून पाठवणारी यूएसबी-सिरियल चिप असते. तिच्यासाठी लिनक्समधी ड्रायव्हर तयार आहेत, सिरियल पोर्ट लगेच दिसतो. विंडोजवर मात्र चिप कोणती त्यावर खेळ. ज्या पोरांनी स्वस्तातला उनो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शिकायचा छोटा बोर्ड, घेतला त्यांना त्यावरच्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर शोधत फिरलेलं आठवत असेल, आणि मूळ उनो घेतलेल्याला विंडोज १० पासून काहीच करावं लागलं नाही, कारण त्यात सिरियलचा यूएसबी मानकातला वर्ग वापरलाय.

कंपनीच्या ड्रायव्हरवर विसंबायचं म्हणजे चावी तिच्या हातात हेही ध्यानात ठेवा. २०१४ च्या ऑक्टोबरात अशाच चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिचा ओळख नंबरच शून्य करून टाकला, आणि ज्यांना आपली वायर नकली आहे हे माहीतही नव्हतं त्यांची चालू यंत्रं बंद पडली.

तर पोर्ट दिसला, पण पुढं त्यातून जी अक्षरं येतात त्यांचा अर्थ प्रत्येक काटा कंपनीचा वेगळा. कुणी आधी चिन्ह पाठवतं मग आकडा, कुणी शेवटी केजी लिहितं, कुणी वजन स्थिर झालं का हलतंय ते एका अक्षरात सांगतं, कुणी सांगतच नाही. कर्नलमधी याला जागा नाही आणि असूही नये. हा कोड स्वतःचाच लिहावा लागतो, फक्त तो कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्राममधी लिहायचा, पन्नास-साठ ओळींत होतो, आणि एका वेगळ्या फाइलमधी ठेवायचा म्हणजे काटा बदलला तर तेवढीच फाइल बदलली. बिलाच्या सॉफ्टवेअरमधी जागोजागी पेरून ठेवू नका.

विकत घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. एक, हे मशीन सीडी किंवा लिंक न देता नुसतं लावून चालतं का, आणि नसेल तर ड्रायव्हर कोणत्या विंडोजपर्यंतचा आहे. दुसरं, काट्यासारखं यंत्र असेल तर त्याच्या अक्षरांची मांडणी सांगणारं पान, ज्याला ते लोक प्रोटोकॉल शीट म्हणतात, ते छापून द्या. हे पान काटा बसवायला माणूस आला त्याच दिवशी, पैसे द्यायच्या आधी मागायचं, बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग, किती ते त्याच्याच हातानं त्यावर लिहून घ्यायचं आणि काट्याच्या झाकणाच्या आत चिकटवून टाकायचं.